जॅकेट कोणत्या गोळीसाठी?

नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी आणि एके-४७ची गोळी तराजूच्या दोन पारड्यांत टाकल्या, तर काटा जवळजवळ मध्येच राहील. काडतुसातून पुढे सुटणारा हा भाग दोन्हींत साधारण ८ ग्रॅमचाच असतो. पण पहिली गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने निघते आणि दुसरी ७१५ मीटरने. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. त्यामुळे पहिलीत पाचशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, तर दुसरीत दोन हजार. निव्वळ कापडी थरांचे जॅकेट पहिली गोळी अडवते. दुसरीसमोर ते टिकत नाही.

कापडाने गोळी अडते, ती धाग्यांच्या ताणामुळे. १९६५मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी ज्या तंतूचा पाया घातला, त्या केव्हलारचे थरावर थर शिवले की शिसे भरलेली बोथट गोळी त्यात चपटी होते. तिचा धक्का आजूबाजूच्या शेकडो धाग्यांत पसरतो. रायफलची गोळी निमुळती असते आणि ती इतक्या वेगाने येते की ताण पसरायला सवडच मिळत नाही. दाभण पोत्यात शिरते तशी ती धागे तोडत आणि बाजूला सारत निघून जाते. म्हणून रायफलपासून बचाव करायचा तर कापडापुढे कठीण पाटी हवीच.

या पाटीचा कस लागतो तो गोळीच्या पोटात काय आहे त्यावर. एके-४७च्या मूळ सोव्हिएत गोळीत मऊ पोलादाचा गाभा असतो. तो चिलखत फोडण्यासाठी घातलेला नव्हता, महागडे शिसे वाचवण्यासाठी घातला होता. तरीही नुसत्या शिशापेक्षा तो पाटीला जड जातो. हाच गाभा कठीण केलेल्या पोलादाचा असला, तर बंदूक तीच, वेग तोच, वजनही जवळपास तेवढेच, पण परिणाम पूर्ण वेगळा होतो. ३१ डिसेंबर २०१७च्या पहाटे पुलवामा जिल्ह्यात लेथपोरा येथील सीआरपीएफच्या प्रशिक्षण केंद्रावर हल्ला झाला. पाच जवान गेले. हल्लेखोरांच्या एके रायफलींत कठीण पोलादी गाभ्याच्या गोळ्या होत्या आणि जवानांच्या बुलेटप्रूफ ढालींना त्या आवरल्या नाहीत. त्या ढाली नेहमीची एकेची गोळी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या होत्या.

बस्तरचे जंगल आणि त्याला लागून असलेला गडचिरोलीचा मुलूख यांचे गणित पुन्हा निराळे. १२ जुलै २००९ रोजी मदनवाड्याजवळ, तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यात, पोलीस अधीक्षक विनोदकुमार चौबे यांच्यासह २९ जण नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात मारले गेले. पुढच्या वर्षी ६ एप्रिलला ताडमेटल्यात ७६ जवान गेले आणि त्यांची हत्यारे लुटली गेली. अशा लुटीतून इन्सास आणि एसएलआर रायफली नक्षलवाद्यांच्या हाती पडत गेल्या. इन्सासचा आराखडा पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेतला. या रायफलींची काडतुसे भुसावळजवळच्या वरणगाव कारखान्यात बनत आली आहेत. म्हणजे आपल्याच मुलखात आपल्या जवानांसाठी बनवलेल्या धाटणीची गोळी त्यांच्याच छातीवर येऊ शकते. इन्सासची ५.५६ मिलिमीटरची गोळी अवघी ४ ग्रॅमची, पण तिचा वेग ९०० मीटरच्या घरात असतो. या जातीच्या नाटो गोळीच्या टोकाशी पोलादाचा तुकडा असतो. दूरवर पोलादी हेल्मेट भेदता यावे ही त्यामागची अपेक्षा होती. एसएलआरची गोळी साडेनऊ ग्रॅमची आणि ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या वर. काश्मीरचे जॅकेट, बस्तरचे जॅकेट आणि मुंबईच्या रस्त्यावरचे जॅकेट एकाच निविदेत बसवणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

पोलाद कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडच्या दुर्ग-भिलाईत पोलाद म्हणजे काय हे कुणाला शिकवावे लागत नाही. विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेसाठी लागलेल्या खास पोलादी प्लेटा पुरवणाऱ्या सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यांत भिलाईही होता. मग जवानाच्या छातीवर पोलादच का लावू नये? हिशेब करून पाहा. २५ बाय ३० सेंटिमीटरची आणि ६ मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी साडेतीन किलो भरते. छाती आणि पाठ मिळून सात किलो झाले. त्यावर दारूगोळा, पाणी, वायरलेस, शिधा. शिवाय पोलादावर आपटून फुटलेल्या गोळीचे तुकडे पाटीच्या पृष्ठभागावरून उडतात आणि मानेत किंवा हनुवटीत शिरतात.

बोरॉन कार्बाइड नावाच्या सिरॅमिकची तेवढ्याच आकाराची पाटी सव्वा किलोच्याही आत बसते, आणि कठीणपणात हे द्रव्य हिऱ्याच्या खालोखालच्या मोजक्या पदार्थांत मोडते. ते गोळीचे टोक आणि गाभा फोडते. मागे दाबून बसवलेले पॉलिइथिलीनचे थर तुकडे झेलतात. पाण्यापेक्षाही हलके असलेले हे पॉलिइथिलीन शिशाच्या गाभ्याची गोळी एकटेही रोखू शकते, पण कठीण गाभ्यासाठी पुढे सिरॅमिक लागतेच. सिरॅमिकची उणीव अशी की ते फोडता फोडता स्वतःही तडकते. पहिली गोळी जिथे लागली, तिथेच लगेच दुसरी आली तर भरवसा घटतो. पाटी हातातून दगडावर पडली तर आत बारीक तडा जाऊ शकतो आणि तो वरच्या कापडातून दिसत नाही.

गोळी अडली म्हणजे माणूस वाचला असेही नाही. पाटी आतल्या बाजूला फुगते आणि तो ठोसा बरगड्यांना, फुप्फुसांना बसतो. चाचणीत जॅकेटमागे विशिष्ट मातीचा थर ठेवतात आणि त्यात पडलेला खड्डा मोजतात. अमेरिकी मानकात त्याची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की मुंबईवरील हल्ल्याच्या, २६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीपाशीच येऊन थांबतो. सीएसटीजवळ हेल्मेट आणि जॅकेट चढवणारे हेमंत करकरे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी मारले गेले. करकरे यांना गोळ्या मान आणि खांद्याच्या भागात, म्हणजे जॅकेटने न झाकलेल्या जागी लागल्या, असे शवविच्छेदनाच्या आधारे सांगण्यात आले. जॅकेटचा दर्जा कसा होता, हे त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहिती अधिकारात विचारले, तेव्हा ते जॅकेटच गहाळ झाल्याचे कळले. एका मृत अधिकाऱ्याच्या अंगावरचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा हरवतो, याची चीड आजही ओसरू नये. जॅकेट हाती असते तर दोन प्रश्न वेगळे करता आले असते: पाटी कमी पडली, की झाकलेले क्षेत्रच अपुरे होते? पहिल्याचे उत्तर द्रव्यविज्ञानात आहे, दुसऱ्याचे शिवणीत. दोन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत.

त्यानंतर जॅकेटांची मागणी नोंदवली गेली. २०१७मध्ये महाराष्ट्र पोलिसांकडे आलेल्या ४,६०० जॅकेटांपैकी १,४३० एके-४७च्या चाचणीत नापास झाली आणि परत पाठवली गेली. बातमी लाजिरवाणी होती, तरी मला त्यात दिलासाच अधिक वाटतो. चाचणी झाली म्हणून तर ती जवानांच्या अंगावर चढली नाहीत.

जॅकेटाप्रमाणेच घरादारांचा आडोसाही कोणती गोळी अडवतो, हे इथे समजून घ्यायला हवे. लाकडी दार, कपाट, सोफा, मोटारीचे दार यांच्यामागे माणूस दिसेनासा होतो, पण रायफलच्या गोळीपासून सुरक्षित होत नाही. काँक्रीटचा खांब, जाड दगडी भिंत, मोटारीच्या इंजिनाची बाजू यांचा आधार खरा. वाळूची पोती आजही चौक्यांवर रचतात, त्याला कारण आहे. वाळूत शिरलेली वेगवान गोळी आडवी होते, बऱ्याचदा फुटते आणि थोड्या अंतरात थांबते.

भारतीय मानक ब्युरोने २०१८मध्ये आयएस १७०५१ हे मानक काढले आणि जॅकेटांच्या पायऱ्या ठरवून दिल्या. कोणत्या पायरीला कोणती गोळी, हे त्यात लिहिलेले आहे. त्याच वर्षी लष्कराने १,८६,१३८ जॅकेटांचा करार केला, त्यात बोरॉन कार्बाइडच्या पाट्या होत्या. एप्रिल २०२४मध्ये डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने सर्वांत वरच्या, सहाव्या पायरीचे जॅकेट जाहीर केले. ७.६२ बाय ५४ मिलिमीटरच्या, चिलखत भेदण्यासाठीच बनवलेल्या सहा गोळ्या त्याच्या पुढच्या पाटीने रोखल्या. कापडी जॅकेटसोबत वापरायच्या या पाटीची घनता दर चौरस मीटरला ४० किलोपेक्षा कमी आहे.

सहावी पायरी सगळ्यांना द्या, असे म्हणणे सोपे आहे. पण मे महिन्यात बस्तरच्या डोंगरात पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या जवानाला एकेक किलो जाणवतो आणि वजनाने थकलेला माणूस आडोशाला उशिरा पोहोचतो. म्हणून प्रत्येक पोलीस दलाने आपल्या भागात जप्त झालेली काडतुसे तपासावीत, त्यांचे गाभे कापून पाहावेत आणि त्यावरून पायरी ठरवावी. प्रत्येक खेपेतली काही जॅकेटे गोळ्या झाडून पारखावीत, आणि वापरातल्या पाट्यांचे ठरावीक मुदतीने क्ष-किरण काढावेत. जॅकेटवरच्या चिठ्ठीवर पायरी, गोळीची जात आणि पाटीची मुदत मराठीत, शिपायाला वाचता येईल अशा अक्षरांत छापावी. ते अंगात घालणाऱ्याला हे ठाऊक असण्याचा पहिला हक्क आहे.