कपाळावरचा लाल डाग आणि डोळ्याचा दाब

बाळाच्या कपाळावर, वरच्या पापणीवर जन्मतः जांभळट-लाल डाग दिसला की पुण्याच्या धायरीतल्या घरांतही आजी ग्रहणाकडे बोट दाखवते. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. अशा काही बाळांना स्टर्ज-वेबर सिंड्रोम असतो. गर्भात एका पेशीतल्या जीएनएक्यू जनुकात बदल होतो आणि त्वचा, डोळा, मेंदू यांवरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. हे कारण २०१३ मध्ये उमगले. आजार आईबापांकडून येत नाही, त्यामुळे सुनेला बोल लावायचे कारणच नाही.

डाग वरच्या पापणीवर असेल तर त्याच बाजूच्या डोळ्यात काचबिंदूचा धोका मोठा. बाळाचा डोळा दाबाने ताणून मोठा होतो. ‘किती टपोरे डोळे’ असे कौतुक होत असताना आत नस मरत असते! पाणी गळणे, उजेडात डोळे मिटणे, बुबुळ धुरकट होणे ही लक्षणे दिसली तर थांबू नये. काहींना काचबिंदू शाळेच्या वयात किंवा तरुणपणी होतो, म्हणून तपासणी आयुष्यभर.

जन्मानंतर लगेच बालनेत्रतज्ज्ञ गाठावा, पुण्यातच महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात लहान मुलांचा विभाग आहे. तान्ह्या बाळाचा दाब बहुधा भूल देऊन मोजतात. थेंब पुरले नाहीत तर शस्त्रक्रिया. ब्रिमोनिडिनचे थेंब दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, श्वास मंदावू शकतो. लेसरने डाग फिकट होतो, डोळ्याचा दाब मात्र त्याने उतरत नाही. झटके आले तर मेंदूविकारतज्ज्ञही लागतो.