कार्बोरेटरमागचं रबर

सकाळी 6.30. मे महिन्यात रायपुरात गाडीचं काम काढायचं तर उन्हाच्या आधी हात काळे करावे लागतात. समता कॉलनीतल्या आमच्या पोर्चमध्ये राजदूत 350 स्टँडवर चढवली आहे. यामाहा आरडी 350 चा हा देशी अवतार एस्कॉर्ट्सनं 1983 मध्ये बाजारात आणला. 347 सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि दोन्हींना स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर. गाडी भाच्याची. आज एअरबॉक्सपासून, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यापासून, कार्बोरेटरपर्यंत हवा नेणारं रबर बदलायचं आहे.

7.15. पेट्रोलचा कॉक बंद करून टाकी उतरवली, साइड कव्हर काढली, क्लिपा सैल केल्या. जुनं रबर बाहेरून नुसतं मळकं दिसत होतं. वाकवल्याबरोबर घडीत चिरा उघडल्या. आतून बोट फिरवलं तर काळी, खरखरीत भुकटी निघाली. उरला-सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांमुळे ही काळी धूळ रायपूरकरांच्या गच्चीवरही असते. टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमधून जाते, मग सिलिंडरमध्ये. म्हणजे फिल्टर चुकवून शिरलेली धूळ पहिल्यांदा क्रँकच्या बेअरिंगांना भेटते, नंतर पिस्टनला.

8.30. चहाबरोबर भाच्यानं विषय काढला. ‘‘मामा, हा डबाच काढून टाकू ना. दोन कोन फिल्टर लावले की पंधरा मिनिटांत काम. आवाजही दणदणीत येतो.’’

‘‘आवाज येईल रे. पण कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट या डब्याच्या हिशेबानं बसवलेत. डबा गेला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण पातळ झालं की इंजिन तापतं आणि हायवेवर पिस्टन चिकटतो. मागचं चाक जागच्या जागी थांबलं तर काय होईल?’’

तो गप्प बसला. तरुण पोरांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

10.00. कार्बोरेटर उघडून धुतले, जेट फुंकले. नेहमीचंच काम.

दुपारी 12 ते 4. पोर्चमध्ये उभं राहवत नाही. जेवण, झोप.

4.15. नवं रबर गरम पाण्यात टाकलं. मऊ करायला पेट्रोल लावू नये, त्यानं रबर फुगतं. तोंडाला साबणाचं पाणी पुरतं. रबर चढल्यावर कार्बोरेटरमधल्या स्लाइड दिसत नाहीत, म्हणून आधीच मागून बघून दोन्ही केबल जुळवल्या. रेस दिली की दोन्ही स्लाइड एकदमच उचलल्या पाहिजेत.

5.00. खरी कसोटी इथे. क्लिपा आधीच ओवून ठेवल्या. डब्याचे बोल्ट ढिले करून तो मागे ढकलला. कार्बोरेटर पुढच्या, इंजिनाकडच्या रबरात सरळ उभे बसवले, मग डबा पुढे ओढत रबराची तोंडं त्यांच्यावर चढवली. बाहेरची बाजू लगेच बसते. दोन कार्बोरेटरांच्या मधल्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही, तिथेच काठ आत दुमडतो. तिथे छोटा आरसा आणि टॉर्च धरला, करंगळीनं काठ पूर्ण फिरून चाचपला. उजवीकडे दुमडला होता; बोथट चमच्याच्या दांड्यानं बाहेर काढला. क्लिपांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला घेतले आणि बेतानंच आवळले, फार आवळलं तर पट्टी रबर कापते. डब्याचे बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी आवळले तर डबा रबराला तिरकं ओढतो.

6.15. टाकी परत चढवली, गाडी चालू. पुढच्या जोडावर पाण्याचा फवारा मारला. आवाज बदलला नाही, म्हणजे तिथे हवा शिरत नाही. मागच्या जोडाची गळती मात्र स्लो स्पीडला सहसा कळत नाही. तिथे बोट आणि टॉर्च हाच पुरावा.

6.40. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत आणि पुढे जीई रोडवर चक्कर. परत येऊन दोन्ही प्लग काढले. दोन्हींचा रंग सारखा, तांबूस तपकिरी.

घरात जुनी गाडी असेल तर येत्या रविवारी साइड कव्हर काढा आणि कार्बोरेटरमागचं रबर वाकवून बघा. चीर दिसली तर ते बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.