दोन भिंती

पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनच्या एका कोपऱ्यावर विटांची जुनी इमारत आहे. फ्रान्समधल्या धर्मछळातून निसटून आलेल्या प्रोटेस्टंटांनी १७४३ साली ती चर्च म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली. १८९८मध्ये रशियन साम्राज्यातून जीव वाचवून आलेल्या ज्यूंनी तिथं सिनेगॉग थाटलं, आणि १९७६पासून सिल्हेटकडून आलेल्या बंगाली मुसलमानांची ती मशीद आहे. इंग्लंडात नव्यानं आलेला, कापड शिवून पोट भरणारा गरीब माणूस पिढ्यान्‌पिढ्या याच वस्तीत उतरत आला.

जवळच, हॅनबरी स्ट्रीटवर, २०१२ साली एका भिंतीवर चित्र रंगवलं गेलं. आपली मुलं ‘व्यापार’ खेळतात तसा एक पट, त्याभोवती बसलेले सहा वयस्क श्रीमंत पुरुष, आणि तो पट ज्यांच्या पाठीवर तोलला आहे ती वाकलेली उघडी माणसं. वर त्रिकोणात बसवलेला डोळा, जगाच्या कटकारस्थानांच्या कथांमध्ये हमखास भेटणारा. चित्रकार अमेरिकेतून आलेला. हे बँकवाल्यांच्या शोषणाचं चित्र आहे, असं त्याचं म्हणणं. पण काही चेहऱ्यांवरची ती मोठी बाकदार नाकं पाहून अनेकांच्या पोटात गोळा आला. नाझी जर्मनीतल्या वर्तमानपत्रांत ज्यू सावकार असाच काढला जायचा. त्या भागाचे तेव्हाचे महापौर लुत्फुर रहमान यांनी चित्र पुसण्याचा आदेश दिला. चित्रकारानं फेसबुकवर गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा मजूर पक्षाच्या एका खासदारानं त्याला धीर दिला: का पुसताहेत? तुम्ही चांगल्या पंगतीत आहात. लेनिन दिसतो म्हणून रॉकफेलरनंही दिएगो रिव्हेराचं भित्तिचित्र फोडलं होतं. खासदाराचं नाव जेरेमी कॉर्बिन. ते तेव्हा मागच्या बाकावर बसत. त्यांच्या त्या दोन ओळी पुढची पाचेक वर्षं फारशा कुणी मनावर घेतल्या नाहीत.

तिथून दक्षिणेला पायी अर्ध्या तासात केबल स्ट्रीट लागतो. तिथल्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर दुसरं चित्र आहे, १९८३ साली पूर्ण झालेलं. ४ ऑक्टोबर १९३६ या दिवशी ऑस्वल्ड मोस्ली आपल्या काळ्या डगलेवाल्या फॅसिस्टांना घेऊन या ज्यू वस्तीतून संचलन करणार होता. हा मोस्ली एकेकाळी मजूर पक्षाच्याच सरकारात मंत्री होता. ज्यू शिंपी, आयरिश गोदी कामगार आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले, अडथळे रचले, वरच्या खिडक्यांतून बायकांनी हाताला लागेल ते पोलिसांवर फेकलं. संचलन मागे फिरलं. मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांनी मात्र लोकांना घरी थांबण्याचा सल्ला दिला होता. पुढे ही गोष्ट पक्ष विसरला आणि केबल स्ट्रीट साऱ्या ब्रिटिश डाव्यांची पुण्याई बनली. आपली आई त्या दिवशी तिथं होती, हे कॉर्बिन अभिमानानं सांगत आले.

एका भिंतीवर आपली पुण्याई रंगवलेली असताना दुसऱ्या भिंतीवरचं विष त्यांना दिसलं नाही. मजूर पक्षात पुढे जे घडलं, त्याचं मूळ इथं सापडतं. वंशद्वेषाशी आपण जन्मभर लढलो, तेव्हा तो आपल्या घरात शिरणारच नाही, ही ती समजूत.

मराठी वाचकाला हे प्रकरण थोडं परकं वाटणं साहजिक आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हटलं आणि विषय तिथं संपला. पुण्यातल्या सिनेगॉगला लोक आजही ‘लाल देऊळ’ म्हणतात. युरोपात तसं नव्हतं. तिथं ज्यूद्वेषाला दोन तोंडं होती. एक म्हणे, ज्यू हलका आहे. दुसरं म्हणे, ज्यू पडद्याआडून सारं जग चालवतो. डाव्या चळवळीला धोका या दुसऱ्या तोंडाचा. भांडवलशाहीवरचा राग व्यवस्थेवरून घसरून एखाद्या आडनावावर, नाकाच्या ठेवणीवर कधी जाऊन बसतो ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन समाजवाद्यांनी याला ‘मूर्खांचा समाजवाद’ म्हटलं होतं. जे. ए. हॉब्सनचा साम्राज्यवादावरचा १९०२चा ग्रंथ डाव्यांना वंदनीय, पण युरोपातला पैसा एका विशिष्ट वंशाच्या मुठीत असल्याचं त्यातही सुचवलेलं आहे. २०११मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीला कॉर्बिन यांनी कौतुकाची प्रस्तावना लिहिली. त्या मजकुराचा तिथं उल्लेख नव्हता.

मजूर पक्ष ज्यूंना परका कधीच नव्हता. ज्यू समाजवाद्यांची ‘पोआले झिऑन’ ही संघटना १९२० साली पक्षाशी जोडली गेली. १९४५च्या ऐतिहासिक विजयाच्या वेळी पक्षाचे अध्यक्ष हॅरॉल्ड लास्की होते. २०१० ते २०१५ पक्षनेते असलेले एड मिलिबँड ज्यू निर्वासितांच्या पोटी जन्मलेले. दरम्यान दोन गोष्टी बदलल्या होत्या. पूर्व लंडनचे ज्यू शिकले, सावरले आणि उत्तरेला गोल्डर्स ग्रीन, फिंचलीकडे राहायला गेले. आणि १९६७च्या युद्धानंतर डाव्यांच्या नजरेत इस्रायल हा निर्वासितांचा आसरा उरला नाही. पॅलेस्टिनींची भूमी व्यापणारी सत्ता झाला. पॅलेस्टिनींचं दुःख खरं होतं आणि आहे. त्याबद्दल बोलणं हा ज्यूद्वेष नव्हे, हे इथंच स्वच्छ म्हणायला हवं.

२०१५च्या मे महिन्यात मिलिबँड हरले. नेतेपदाच्या निवडणुकीत अर्जासाठी ३५ खासदारांची शिफारस लागे. कॉर्बिन यांना ३६ मिळाल्या, त्याही अखेरच्या घटकेला आणि काहींनी तर केवळ चर्चा व्हावी म्हणून दिलेल्या. तीन पौंड भरून मत देण्याची सोय होती. तरुण लोटले, काटकसरीच्या धोरणाला विटलेले जुने कार्यकर्ते परतले, आणि १२ सप्टेंबरला कॉर्बिन ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. तीस वर्षं सभांमधून आणि मोर्चांतून फिरलेला हा साधा माणूस. पॅलेस्टिनी हक्कांसाठीच्या मंचांवर शेजारी कोण बसलं आहे, याची चौकशी त्यांनी फारशी केली नव्हती. हमास आणि हिजबुल्लाच्या प्रतिनिधींना २००९मध्ये ‘मित्र’ म्हटल्याचा खेद त्यांना नंतर व्यक्त करावा लागला.

पहिला मोठा भडका एप्रिल २०१६मध्ये उडाला, आणि त्यातल्या दोन माणसांकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. ब्रॅडफर्डच्या खासदार नाझ शाह यांनी निवडून येण्यापूर्वी फेसबुकवर एक नकाशा पुढे पाठवला होता: इस्रायल उचलून अमेरिकेत नेऊन ठेवा, प्रश्न मिटेल. ते उघडकीला येताच त्या संसदेत उभ्या राहिल्या आणि आडपडदा न ठेवता माफी मागितली. निलंबन झालं, काही महिन्यांनी उठलंही. त्यांचा बचाव करायला लंडनचे माजी महापौर केन लिव्हिंगस्टन रेडिओवर गेले आणि म्हणाले, हिटलर आधी झिऑनवादाला पाठिंबा देत होता. आधार काय, तर १९३३चा हावारा करार. जर्मन ज्यूंना आपल्या मालमत्तेचा काही भाग मालाच्या रूपात घेऊन पॅलेस्टाईनला जाता यावं, अशी ती सोय होती, आणि सुमारे साठ हजार माणसं त्या वाटेनं सुटली. जळत्या घरातून बाहेर पडायला केलेली तडजोड आग लावणाऱ्याचा पाठिंबा म्हणून सांगणं हा इतिहासाचाही अपमान होता. लिव्हिंगस्टन यांनी माफी मागायचं नाकारलं. प्रकरण दोन वर्षं रेंगाळलं, आणि अखेर २०१८मध्ये त्यांनीच राजीनामा दिला. एक माफी काही दिवसांत मागितली गेली. तिच्यामुळे जे मिटलं ते दुसऱ्याच्या हट्टानं पुन्हा उकरलं.

शमी चक्रवर्ती यांच्या चौकशी समितीनं जूनमध्ये अहवाल दिला: पक्ष ज्यूद्वेषानं ग्रासलेला नाही, पण वातावरण अधूनमधून विषारी असतं. प्रकाशनाच्या त्याच कार्यक्रमातून रूथ स्मीथ या ज्यू खासदार एका कार्यकर्त्याच्या आरोपानं रडत बाहेर पडल्या. चक्रवर्ती यांना पक्षानं लगेचच लॉर्ड्सच्या सभागृहात पाठवलं, आणि अहवालाची उरलीसुरली पत गेली.

मार्च २०१८. लिव्हरपूलच्या ज्यू खासदार लुसियाना बर्जर यांनी हॅनबरी स्ट्रीटच्या भिंतीबद्दल जाहीर विचारणा केली. आपण चित्र नीट पाहिलं नव्हतं, असं कॉर्बिन म्हणाले. तीन दिवसांनी संसदेसमोरच्या चौकात ज्यू संस्थांनी ‘आता पुरे’ म्हणत निदर्शनं केली. पाठोपाठ व्याख्येचं भांडण. ज्यूद्वेषाची आंतरराष्ट्रीय व्याख्या आणि तिच्यासोबतची अकरा उदाहरणं स्वीकारायची की इस्रायलवरच्या टीकेला बाधा येईल म्हणून काही गाळायची? शंका निराधार नव्हती. तिचे एक प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीही विद्यापीठांतल्या चर्चेची मुस्कटदाबी करायला ती वापरू नका, असं सांगितलं होतं. पण पक्षानं ज्यूंशी न बोलता आपली कात्री चालवली. मार्गारेट हॉज या ज्येष्ठ खासदारांनी कॉर्बिन यांना समोरासमोर वंशद्वेष्टे म्हटलं. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन ज्यू साप्ताहिकांनी २५ जुलैला एकच पहिलं पान छापलं. सप्टेंबरमध्ये कार्यकारिणीनं सारी उदाहरणं मान्य केली. जे उन्हाळ्याच्या सुरुवातीला करता आलं असतं, ते पत घालवून केलं.

आकडेही पाहू. एप्रिल २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात सदस्यांविरुद्ध ६७३ तक्रारी आल्याचं सरचिटणीस जेनी फॉर्म्बी यांनी सांगितलं. ९६ जण निलंबित झाले, १२ जणांची हकालपट्टी झाली. पक्षाचे सदस्य पाच लाखांवर. पण एका पाहणीत, किती सदस्यांवर अशा तक्रारी असतील असं विचारल्यावर लोकांच्या उत्तरांची सरासरी ३४ टक्के आली. कॉर्बिन समर्थकांचा संताप इथून येतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पण जिच्या नावानं धमक्या येतात तिला टक्केवारीचा दिलासा मिळत नाही. २०१८च्या अधिवेशनाला बर्जर पोलिसांच्या पहाऱ्यात गेल्या. आपल्याच पक्षाचं अधिवेशन, आपल्याच शहरात! त्यांना छळणारे अतिउजवेही होते, त्यातले काही तुरुंगात गेले. त्यांना बाहेर काढलं ते मात्र घरातल्या थंडपणानं. १८ फेब्रुवारी २०१९ला त्यांनी आणखी सहा खासदारांसह पक्ष सोडला.

मेमध्ये समता आणि मानवी हक्क आयोगानं पक्षाची औपचारिक चौकशी सुरू केली. हा आयोग मजूर पक्षाच्याच सरकारनं कायदा करून निर्माण केलेला, आणि त्याआधी त्यानं ज्या राजकीय पक्षावर बडगा उगारला होता, तो म्हणजे अतिउजवी ब्रिटिश नॅशनल पार्टी. या शेजारानं अनेक जुन्या कार्यकर्त्यांची मान खाली गेली. डिसेंबरच्या निवडणुकीत पक्षाला २०२ जागा मिळाल्या, १९३५नंतरच्या सर्वांत कमी. पराभव मुख्यतः ब्रेक्झिटच्या गोंधळाचा होता. तरी मुख्य रब्बी एफ्राइम मर्विस यांनी मतदानाआधी मजूर पक्षाविरुद्ध जाहीर इशारा द्यावा, अशी घटना त्या देशात क्वचितच घडलेली.

४ एप्रिल २०२०ला कीर स्टार्मर ५६.२ टक्के मतांनी नेते झाले. टाळेबंदीमुळे सभा नव्हती. ध्वनिचित्रफितीतून पहिल्याच भाषणात त्यांनी ज्यू समाजाची माफी मागितली आणि हे विष मुळासकट उपटण्याचा शब्द दिला. व्यवसायानं वकील, पत्नी ज्यू कुटुंबातल्या. जूनमध्ये त्यांनी रिबेका लाँग-बेली यांना ज्यूद्वेषाचा आरोप झालेल्या एका मुलाखतीच्या कौतुकावरून छाया मंत्रिमंडळातून काढलं.

२९ ऑक्टोबरला आयोगाचा अहवाल आला. त्यातली खरी जखम भाषणांची नव्हती, कार्यालयाची होती. तपासलेल्या ७० तक्रारींच्या फायलींपैकी अनेकींत नेत्याच्या कार्यालयानं हात घातला होता. अशा हस्तक्षेपाचे २३ प्रसंग नोंदले गेले. तक्रारी हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण नव्हतं. पक्षाच्या वतीनं वागणाऱ्या दोघांकडून छळ झाला होता. समता कायद्याचा भंग, असा निष्कर्ष.

त्या सकाळी कॉर्बिन यांच्यापुढे नाझ शाह यांची वाट मोकळी होती. त्यांनी निवेदन काढलं: एकही ज्यूद्वेष्टा नको, पण प्रश्नाचा आकार विरोधकांनी आणि माध्यमांनी राजकीय हेतूनं फुगवला. ३४ टक्क्यांची पाहणी आठवली तर वाक्यात तथ्य आहे. पण घरच्यांच्या जखमेवर न्यायपत्र आलं होतं; जखमेची लांबी मोजायला बसण्याचा तो दिवस नव्हता. दुपारपर्यंत त्यांचं निलंबन झालं. तीन आठवड्यांनी सदस्यत्व परत मिळालं. संसदीय पक्षात मात्र स्टार्मर यांनी त्यांना पुन्हा घेतलं नाही.

साफसफाईलाही गटबाजीचा वास लागला होता. मार्टिन फोर्ड या वकिलांच्या चौकशीनं जुलै २०२२मध्ये नोंदवलं की दोन्ही गटांनी ज्यूद्वेषाचा प्रश्न एकमेकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरला. शिस्तभंगाच्या कचाट्यात काही डावे ज्यूही सापडले. ज्यूंच्या रक्षणासाठी ज्यूंनाच काढलं जातंय, हा त्यांचा आक्रोश ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही. हे स्टार्मर यांच्या खात्यावरचं उणं आहे. पण उत्तर लंडनमध्ये विश्वास परतत होता. ज्यू मतदार मोठ्या संख्येनं असलेली बार्नेट नगरपरिषद मे २०२२मध्ये मजूर पक्षानं प्रथमच स्वबळावर जिंकली. फेब्रुवारी २०२३मध्ये आयोगानं देखरेख उठवली, आणि बर्जर पक्षात परतल्या. देखरेख उठली त्या दिवशी स्टार्मर बोलले ते पूर्व लंडनमध्येच, आणि कॉर्बिन पुढची निवडणूक पक्षाकडून लढणार नाहीत, हेही त्यांनी तिथंच जाहीर केलं.

ऑक्टोबर २०२३नंतर गाझाच्या युद्धानं जुनी जखम उलट्या बाजूनं उघडली. स्टार्मर युद्धबंदीची मागणी करेनात, म्हणून मुस्लिम नगरसेवकांनी राजीनामे दिले. नोव्हेंबरमध्ये ५६ खासदारांनी पक्षादेश मोडून युद्धबंदीच्या बाजूनं मत दिलं. रॉचडेलच्या पोटनिवडणुकीत पक्षाच्या उमेदवारानं हमासच्या हल्ल्याबद्दल कटाची भाषा केली, तेव्हा पक्षानं त्याचा पाठिंबा काढून घेतला आणि जागा गमावली.

४ जुलै २०२४च्या रात्री मजूर पक्षानं चारशेवर जागा जिंकल्या. पण ज्या लेस्टर साउथमधून मजूर पक्षाचे जोनाथन अ‍ॅशवर्थ मंत्री व्हायला निघाले होते, तिथं गाझाच्या प्रश्नावर उभा राहिलेला अपक्ष निवडून आला. फिंचली आणि गोल्डर्स ग्रीनमधून सारा सॅकमन या ज्यू वकील मजूर पक्षाच्या तिकिटावर जिंकल्या. आणि इझलिंग्टन नॉर्थमध्ये, १९८३पासून आपल्याला निवडून देणाऱ्या मतदारसंघात, कॉर्बिन अपक्ष म्हणून उभे होते. समोर मजूर पक्षाचे प्रफुल नरगुंद. आडनाव पाहून मराठी माणसाला कानडी मुलूख आठवावा. कॉर्बिन यांना २४,१२० मतं पडली, नरगुंद यांना १६,८७३.