घराची हाडं – लेखांक ७ : एका मिलिमीटरचा हिशेब

दाब काँक्रीटने सोसायचा, ताण सळईने, ही दोघांची वाटणी आपण गेल्या आठवड्यात पाहिली. आता ती मोडते कशी ते पाहू.

पावसाळा सरता सरता जुन्या इमारतीच्या बाल्कनीत केर काढताना मूठभर खपल्या निघतात. वर पाहावं तर स्लॅबच्या पोटाला एक लांब भेग आणि तिच्या कडेने तपकिरी डाग. भेग अगदी सरळ असते, कारण ती आतल्या सळईच्या रेषेत पडलेली असते.

काँक्रीट चांगलं असेल तर सळई सहसा गंजत नाही. त्याचा सामू १२ ते १३ च्या आसपास असतो, आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. हेच तिचं चिलखत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत जाऊन सामू ९ च्या खाली आणतो, तेव्हा ते विरतं. समुद्राकाठचे क्लोराइड क्षार सामू घटण्याची वाटही पाहत नाहीत. ते पापुद्र्याला जागोजागी भोकं पाडतात. मग ओल आणि ऑक्सिजन मिळाला की गंज धरतो. मूळ पोलादाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा त्याला लागते. ताणाला कच्चं असलेलं काँक्रीट आतून फाटतं.

खपली दिसते, गेलेली ताकद दिसत नाही. १२ मिमीची सळई चहूबाजूंनी १ मिमी झिजली की १० मिमीची उरते. वाटतं, सहावा हिस्सा गेला. पण ताण पेलतं ते छेदाचं क्षेत्रफळ. ते ११३ चौरस मिमीवरून ७९ वर येतं, म्हणजे ३० टक्के घट. तेवढीच झीज ८ मिमीच्या रिंगेची झाली तर घट ४४ टक्के! आणि रिंगा मुख्य सळयांच्या बाहेरून बांधलेल्या, म्हणून बहुधा आधी गंजतात त्याच. बीमला कातरून तुटू न देणं आणि कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेर फाकू न देणं, ही रिंगांची कामं. मुख्य सळई थकली तर बीम बहुधा आधी वाकतो, भेगा दाखवतो. रिंगा गेल्या तर तेवढी सवड मिळेलच असं नाही.

पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो जेमतेम दीड दशक वापरात होता. त्याच्या पूर्वताणित काँक्रीटमधल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. तार बारीक आणि ताण प्रचंड, तिथे आपला हिशेब आणखी कठोर होतो.

म्हणून खपली पडली की नुसता गिलाव्याचा हात मारून रंग काढू नका. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून, गंज घासून, उरलेला व्यास कॅलिपरने मोजून घ्यायला हवा. रिंगेचा आधी.

(पुढील आठवड्यात : सळईला पृष्ठभागापासून दूर ठेवणारा इवलासा कव्हर ब्लॉक)