पट्टे पाठीवर नव्हे, तोंडावर पाहा

चिप आणि डेल ही कार्टूनमधली जोडी पडद्यावर आली की घरातली मुले ओरडतात, ‘खार, खार!’ आम्हीही पुष्कळ दिवस तसेच समजत होतो. पाठीवर पट्टे, झुपकेदार शेपूट, दोन हातांत दाणा धरून कुरतडणे. आणखी काय पाहिजे? पण ती आपली खारूताई नव्हे. तो प्राणी चिपमंक. खारींच्याच कुळातला खरा, पण राहणारा उत्तर अमेरिकेचा. एकच जात तेवढी आशियाच्या उत्तरेला सापडते.

फसगत तिकडच्या लोकांचीही होते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील डोंगरांत पट्ट्यांची एक ग्राउंड स्क्विरल, म्हणजे जमिनीत बीळ करणारी खार, राहते. पर्यटक तिलाच चिपमंक समजून फोटो काढतात. मग ओळखायचे कसे? तोंडाकडे पाहायचे. चिपमंकचे पट्टे गालांवर, डोळ्यांच्या वरखाली आलेले असतात. ग्राउंड स्क्विरलचे पट्टे अंगावरच संपतात, तोंड कोरे. आपल्या खारीचे तोंडही कोरेच. पण तिचा संसार झाडावर, आणि त्या दोघांसारख्या दाणे भरून न्यायच्या पिशव्या तिच्या गालांत नसतात.

खरी गंमत बर्फाच्या दिवसांत. चिपमंक बिळात दाण्यांचा साठा करतो, झोपतो, मधूनमधून उठून खातो. ग्राउंड स्क्विरल बहुतेक अंगावरच्या चरबीवर महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. अलास्कातल्या एका जातीच्या शरीराचे तापमान तर शून्याच्याही खाली जाते, असे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तरी ती वसंतात उठून बसते! तिथल्या झाडांवरच्या खारी मात्र हिवाळाभर जाग्याच असतात.

एक गोष्ट चिपमंक आणि ग्राउंड स्क्विरल या दोघांत सारखी. त्यांच्या अंगावरच्या पिसवांतून प्लेग माणसाला होऊ शकतो. तोच प्लेग, ज्याच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता १८९७ साली पुण्यात सावित्रीमाई फुले गेल्या. आज त्यावर औषध आहे, पण रोग संपलेला नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात लेक टाहोजवळ काही चिपमंकांत त्याचे जंतू सापडले, आणि पर्यटकांच्या जागा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

आपल्यातली मुले आता शिकायला तिकडे जातात. फोनवर त्यांना एवढे जरूर सांगावे: फोटो लांबूनच काढ, हातावर दाणे ठेवून भरवू नकोस.