पाऊस सरल्यावर वासे पाहावेत

गोव्यातल्या हळर्णचं नाव इतिहासात येतं ते किल्ल्यामुळे. शापोरा नदीकाठचा, सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला आणि त्यांच्या व्हाइसरॉयला ‘मार्केस द आलोर्ना’ हा किताब मिळाला. किल्ल्याच्या चिऱ्यांकडे आता पुन्हा लक्ष जाऊ लागलं आहे. पण पेडणे-डिचोलीतल्या कौलारू घरांचं आयुष्य चिऱ्यांवर ठरत नाही, ते माथ्यावरच्या लाकडावर ठरतं. नॉर्वे-फिनलंडात ओंडके आडवे रचून भिंतीच लाकडाच्या करतात. आपल्याकडे भिंत मातीची किंवा चिऱ्याची, आणि आढं, वासे, रिपा, तुळया, सोप्याचे खांब तेवढे किंदळ, माटी, फणस वा सागाचे.

हे लाकूड पाहायचं कधी? रीत अशी की चैत्र-वैशाखात घर शाकारताना कौलं उतरवली की वाशांवरून नजर फिरवायची. माझ्या मते हा काळ उशिराचा. तोवर लाकूड वाळलेलं असतं, ओलीचे डाग फिकटलेले असतात. दिवाळीच्या सुमारास गळतीची वाट अजून ताजी दिसते. शिवाय दोष तेव्हाच सापडला तर नवा वासा तासून वाळायला उन्हाळ्यापर्यंत अवधी मिळतो.

आधी वळचणीकडे जावं. वाशाचं टोक भिंतीवर टेकतं तिथे लाकडाचा आडवा छेद असतो, आणि अंगापेक्षा छेदातून पाणी कितीतरी वेगाने आत शिरतं. उंदीर-साप येऊ नयेत म्हणून तिथली फट सिमेंटने बुजवतात. हेतू चांगला, पण शिरलेलं पाणी मग बाहेर पडू शकत नाही आणि वासा आतून कुजतो. वरून तो धड दिसतो. कोयत्याच्या पाठीने ठोकला की टणक लाकूड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. शंका आली तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं. लाकडातली ओल वीस टक्क्यांखाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणून औषधाच्या डब्याआधी फुटकं कौल बदलायला हवं.

दोन उतारांची कौलं जिथे मिळतात ती पन्हळ, राजांगणाचे कोपरे आणि न्हाणीघराची भिंत या तीन जागा चुकवू नयेत.

किडीचं वेगळं. भुंग्याच्या भोकांखालचा जुना भुसा पुसून खाली वर्तमानपत्र अंथरावं; काही आठवड्यांत पुन्हा पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. वाळवीची मातीची नळी मध्येच मोडून ठेवावी. पुन्हा सांधली गेली तर वारूळ चालू आहे. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल पाण्यात विरघळवून लावलेलं औषध आतल्या लाकडाला उपयोगी पडतं, पावसाच्या माऱ्यात धुऊन जातं. काजूच्या टरफलांचं तेल जुन्या माणसांनी वाशांनाही लावलं आणि होड्यांनाही. त्वचेला ते भाजतं, तेव्हा हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडल्यावर पेडणे-डिचोलीतल्या नदीकाठच्या घरांत पूर शिरला. अशा घरात खांबाचा तळ पाहावा. जोत्याचा दगड उंच असेल तर खांब वाचतो. भोवती सिमेंटचा थर चढवला असेल तर खांब ओल शोषत राहतो. थर फोडून तळ मोकळा करावा, कुजका भाग धड लाकूड लागेपर्यंत कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा जोड द्यावा. तोवर वरच्या तुळईला टेकू लावलेला हवा.