स्वस्त टॉर्च घेताना ल्युमेन नाही, सेल बघा

आजचा भाग टॉर्चवर. गावाकडे आपण हिला ‘बॅटरी’च म्हणतो, आणि ते नाव एकदम बरोबर आहे. कारण टॉर्च दगा देते ती बहुतेक वेळा सेलमुळे, दिव्यामुळे नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही रात्री कळसूबाई चढत होतो. लोखंडी शिडीच्या मध्यावर माझी नवीकोरी टॉर्च मंद झाली आणि विझलीच. एक हात शिडीला, दुसऱ्यात बंद टॉर्च, वरून पाऊस. मागच्या मित्राच्या उजेडात कसाबसा वर पोचलो. खोक्यावर लिहिलं होतं ‘१०,००० ल्युमेन’.

घरी येऊन हिशोब मांडला. चांगला एलईडी एका वॉटला साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे १०,००० ल्युमेनना १०० वॉट लागणार. आत होता एकच १८६५० सेल, म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. असा चांगला सेल ३००० ते ३५०० एमएएचचा असतो, म्हणजे जेमतेम ११-१२ वॉट-तास. १०० वॉटने तो जेमतेम सात मिनिटं टिकेल! त्यामुळे या सेलवर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं, तर ती सरळ थाप समजा.

मग घ्यायचं काय?

ट्रेकसाठी हेडटॉर्च. दोन्ही हात मोकळे राहतात. वाटेवर १०० ते २०० ल्युमेन पुरतात, तंबूत २०-३० सुद्धा खूप झाले. पावसासाठी किमान आयपीएक्स४ बघा; ते शिंतोड्यांपुरतं असतं. आयपीएक्स७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास चालतं. ‘रनटाइम’ वाचताना एक लक्षात ठेवा: एफएल१ मानकात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. म्हणजे शेवटचे काही तास मिणमिणताच उजेड.

घरातल्या अडीअडचणीसाठी मात्र साध्या डबल-ए किंवा ट्रिपल-ए सेलवर चालणारी घ्या. पावसात तीन दिवस लाइट गेली, तर यूएसबीवाली चार्ज कुठे करणार? साधे सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. फक्त ते टॉर्चमध्ये घालून महिनोन्‌महिने ठेवू नका. अल्कलाइन सेल गळतात आणि आतल्या पट्ट्या खराब करतात. सेल बाहेर काढून, टॉर्चसोबत एकाच पिशवीत ठेवा. पिशवीची जागा घरात सगळ्यांना माहीत हवी.

आणि शेवटचं, यात एक रुपयाही खर्च नाही. नवी टॉर्च आणली की आज रात्रीच घरी पूर्ण उजेडावर लावून ठेवा आणि किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा. मी हे शिडीवर शिकलो, तुम्ही हॉलमध्ये बसून शिका.

भेटू पुढच्या भागात!